बाईकच्या जागी इलेक्ट्रिक कार घ्यायची का? आधी आठवड्याच्या फेऱ्या मोजा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. राहायला जुळे सोलापूर, मिस्टर चिंचोळी एमआयडीसीत जनरल शिफ्टला, रोज बाईकवर एका बाजूनं २० किमी, तुमचं ऑफिस सात रस्त्याजवळ ५ किमीवर, तुमच्याकडं २०१४ ची स्कूटी, मुलगी आठवीत, तिची संध्याकाळची ट्यूशन घरापासून १.२ किमी, घरात सासूबाई, आणि महिन्यातून एकदा पुण्याला दिराकडं. आता मिस्टरांचं म्हणणं की साडेबारा लाखाची इलेक्ट्रिक कार घेऊ, प्रदूषण पण कमी आणि पेट्रोल पण वाचेल. आणि तुम्ही विचारताय की खरंच पर्यावरणाला चांगलं आहे का नुसतं मनाचं समाधान, आणि हे मोजायचं कसं.

मी चोवीस-पंचवीस वर्षं हेच काम केलंय, चौकात बसून गाड्या मोजणं, घरोघरी जाऊन कोण कुठं कशानं जातंय ते विचारणं, मग त्यावर रिपोर्ट लिहिणं. त्यामुळं गोल गोल न बोलता सांगतो, तुम्ही लिहिलंय त्या परिस्थितीत मिस्टर एकटे कार घेऊन चिंचोळीला जाणार असतील तर तुमच्या घराचं प्रदूषण कमी होणार नाही, वाढेल. आणि थोडंथोडकं नाही, मिस्टरांच्या जाण्या-येण्याचा कार्बन दुपटीच्या वर जाईल.

आता तुम्ही म्हणाल इलेक्ट्रिक आणि वाढेल? कसं काय? हिशोब साधा आहे, वही घ्या.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. बाईकचं ॲव्हरेज ५५ धरलं तर किलोमीटरला ४२ ग्रॅम. पेट्रोल रिफायनरीतून पंपापर्यंत येतं त्याचं अजून पाचवा हिस्सा धरा, ५० ग्रॅम. आता कार. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक कार किलोमीटरला १४० वॅट-तास खाते, चार्जिंग करताना थोडी वीज वाया जाते ती धरून १५५ च्या आसपास. आपल्या देशात एक युनिट (म्हणजे १००० वॅट-तास) वीज तयार करताना सरासरी ७०० ते ७३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो कारण अजूनही बरीचशी वीज कोळशाचीच आहे, लांब जायला नको, आपल्या दक्षिण सोलापुरातला एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्लांट कोळशावरच चालतो आणि पाणी उजनीचं घेतो. म्हणजे कारचे किलोमीटरला ११० ग्रॅमच्या वर झाले, तारांमधून घरापर्यंत येताना जी वीज गळते ती तर मी धरलीच नाही.

मिस्टरांचं आठवड्याचं जाणं-येणं, सहा दिवस धरले तर, २४० किमी. बाईकवर १२ किलो, इलेक्ट्रिक कारमध्ये एकटे गेले तर २७ किलो. झालं.

यात इलेक्ट्रिक गाडीचा दोष काहीच नाही. चूक तुलनेत आहे. शोरूममध्ये जे सांगतात ते पेट्रोल कारशी तुलना करून सांगतात, आणि ते खरं पण आहे, शहरात १५ चं ॲव्हरेज देणारी पेट्रोल कार किलोमीटरला १५३ ग्रॅम सोडते, रिफायनरी धरून १८५ ला जाते, तिच्या जागी इलेक्ट्रिक आली तर चांगलाच फायदा. तुमच्या शेजाऱ्याकडं जुनी पेट्रोल कार असेल आणि तो रोज तीच चालवत असेल तर त्याला मी आजच म्हणेन की बदल. पण तुमच्याकडं कार नाहीच की. तुमची कार बाईकच्या जागी येणार. दीडशे किलोचा लोखंडाचा सांगाडा एका माणसाला नेत होता तिथं दीड टनाचा येणार. मी कुठलाही वाहतुकीचा निर्णय तपासताना पहिला प्रश्न हाच विचारतो, नवीन गाडी किती चांगली हे नंतर, आधी ती कशाच्या जागी येतीय ते सांगा.

आता याच कारमध्ये चार माणसं बसली तर? ११२ भागिले ४, माणशी २८ ग्रॅम. बाईकपेक्षा कमी. म्हणजे गाडीपेक्षा सीट महत्त्वाच्या. मिस्टरांच्या कंपनीतले किंवा शेजारच्या प्लॉटमधले जुळे सोलापूर, आसरा, विजापूर रोड या पट्ट्यातले तीन जण मिळाले आणि रोज बरोबर गेले तर मी स्वतः म्हणेन की घ्या कार. पण शेअरिंगचं एक सांगतो, मी अशा टोळ्या जमताना आणि मोडताना पुष्कळ बघितल्यात. पैशावरून क्वचितच मोडतात. मोडतात त्या पाच मिनिटांवरून. एकजण रोज "आलोच" म्हणतो आणि बाकीचे तिघं गाडीत बसून राहतात, नाहीतर कुणाचा तरी ओव्हरटाइम लागतो आणि परत कसं यायचं हे ठरलेलं नसतं. ज्या टिकतात त्यांचा नियम ठरलेला असतो, पावणेआठ म्हणजे पावणेआठ, गाडी निघाली, आणि ज्याला उशीर होणार त्यानं दुपारी तीनच्या आत सांगायचं. पैशाचा हिशोब महिन्याच्या शेवटी एकदाच, रोज सुट्टे मागत बसलं की मैत्री पण जाते.

त्याहून आधी एक चौकशी करा, कंपनीची स्टाफ बस आहे का. स्वतःच्या कंपनीची नसली तर शेजारच्या कंपनीच्या बसमध्ये पैसे भरून सीट मिळते का ते एचआरला विचारा, कधीकधी अर्धी बस रिकामी पळत असते आणि कुणी विचारलेलंच नसतं. डिझेल बस लिटरला ४ किमी चालली तरी ३५ माणसांत माणशी १९-२० ग्रॅमच येतात. आणि खरं सांगू का, चिंचोळीच्या बाबतीत मला कार्बनपेक्षा दुसरीच काळजी जास्त वाटते. पुणे हायवे, साखर कारखाने सुरू झाले की ऊसाच्या ट्रॉल्या, एका ट्रॅक्टरला दोन जोडलेल्या, मागं रिफ्लेक्टर नाही का लाइट नाही, आणि हिवाळ्यात साडेसहाला अंधार. बाईकवरचा माणूस त्या ट्रॉलीच्या मागं कधी पोचतो ते त्यालाच कळत नाही. टिकाऊ वाहतूक म्हणताना आम्ही धूर मोजतो, पैसे मोजतो, पण माणूस संध्याकाळी धड घरी आला पाहिजे हे त्यात पहिलं धरायला पाहिजे. म्हणून मिस्टरांना बाईकवरून खाली उतरवायचा विचार चुकीचा नाही. फक्त उतरून एकट्यानं कारमध्ये बसण्यापेक्षा बसमध्ये किंवा चौघांच्या कारमध्ये बसलेलं बरं.

सीटवरून एक गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी अशोक चौकात आमचा काउंट चालू होता, सकाळी ८ ते ११, गड्ड्याच्या जत्रेचे दिवस, थंडी होती. माझ्याबरोबर एक नवीन पोरगा, मांडीवर पॅड, प्रत्येक गाडीच्या रकान्यात चार उभ्या काड्या आणि पाचवी आडवी. पहिल्या तासाला पोरगा म्हणाला सर, सगळी अडचण या रिक्षांचीच आहे बघा, चौक यांनीच तुंबवलाय. काड्या बघितल्या तर खरंच रिक्षाचा रकाना भरून वाहत होता. मी म्हटलं आता दुसऱ्या तासाला गाड्या मोजू नको, आतली डोकी मोज. मग तो रिक्षा थांबली की वाकून बघायला लागला, विडीच्या बायका, मांडीवर पिशव्या, मागं चार आणि पुढं ड्रायव्हरच्या बाजूला एक, कधी सहा. आणि कार आली की एक. परत एक. नंतर दोन, त्यातला एक ड्रायव्हर. अकरा वाजता बेरीज केली तेव्हा पोरगा गप्प बसला. जी रिक्षा अडचण वाटत होती तिनंच निम्मी माणसं नेली होती. (पाच-सहा सीट भरणं नियमात बसत नाही आणि धोक्याचं पण आहे, त्याचं मी समर्थन करत नाही, पण ती पाच-सहा माणसं तशी का बसतात याचं उत्तर पुढं बसच्या मुद्द्यात येतं.)

रस्त्यावरच्या जागेचा पण हिशोब असतो, आमच्या धंद्यात त्याला पीसीयू म्हणतात, पॅसेंजर कार युनिट, म्हणजे एक गाडी किती कारची जागा खाते. कार म्हणजे १, टू-व्हीलर ०.५ ते ०.७५, रिक्षा १.२ ते २, बस २.२ ते ३.७. हे आकडे इंडियन रोड्स काँग्रेसचे आहेत, १९९० पासूनचे. चाळीस माणसं एका बसमध्ये बसली तर जास्तीत जास्त पावणेचार कारची जागा खातात, तीच माणसं कारमध्ये दीड-दीडच्या हिशोबानं बसली तर २७ कारची. आणि कार इलेक्ट्रिक असली म्हणून ती सात रस्त्याच्या सिग्नलला कमी जागा घेत नाही. धुळीचं पण तसंच, राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, हवा खराब असलेल्या शहरांच्या यादीत सोलापूर २०१९ ला आलंय, आणि आपल्याकडची बरीचशी घाण ही रस्त्यावरची धूळ आहे, टायर फिरलं की उडते, टायरला आत बॅटरी आहे का पेट्रोल ते कळत नाही.

बरं, आता तुमच्या घराचं मोजमाप. एक जुनी वही घ्या आणि सात दिवस घरातून निघालेली प्रत्येक फेरी लिहा. कोण, कुठं, किती किमी, कशानं, गाडीत किती माणसं, आणि शेवटच्या रकान्यात "कशासाठी". ॲप नको, वहीच बरी, कारण लिहिताना हात थांबतो आणि तिथंच निम्मा निर्णय होतो. मी बऱ्याच घरांना हे करायला लावलंय आणि जवळपास प्रत्येक घरात असं काहीतरी निघतं जे त्यांना माहीतच नसतं.

तुमच्या वहीत काय निघेल ते मी आत्ताच सांगू शकतो. ट्यूशन. मुलीचा क्लास १.२ किमी. मुलगी जाऊन येऊन २.४ किमी प्रवास करते. पण तुम्ही सोडायला जाता, रिकाम्या परत येता, परत आणायला जाता, परत येता. स्कूटी ४.८ किमी पळते. त्यात निम्मा वेळ मागच्या सीटवर मुलगीच नाही. आठवड्याला पाच दिवस धरले तर २४ किमी, म्हणजे तुमच्या ऑफिसच्या ६० किमीच्या चाळीस टक्के, फक्त सव्वा किलोमीटरवरच्या क्लाससाठी. वर इंजिन थंड. छोट्या फेरीत इंजिन तापायच्या आतच आपण पोचलेलो असतो आणि थंड इंजिन किलोमीटरमागं जास्त पेट्रोल खातं, जास्त धूर सोडतं, त्यात तुमची गाडी २०१४ ची म्हणजे बीएस-३, धुराच्या जुन्या नियमातली, कार्ब्युरेटरवाली, आताच्या बीएस-६ च्या मानानं धूर बराच जास्त.

आठवीतली मुलगी सव्वा किलोमीटर सायकलवर जाऊ शकते. चालत पंधरा-अठरा मिनिटं. मला माहिती आहे तुम्ही काय म्हणणार, संध्याकाळ, अंधार, कुत्री, आणि मेन रोड ओलांडायचा. हे खरं आहे आणि मी ते झटकून टाकत नाही, माझ्या पण मुली आहेत. म्हणून एक दिवस तुम्ही स्वतः तिच्याबरोबर ते अंतर चालून बघा, गाडीवरून नाही, चालत. कुठं लाइट नाही, कुठं फुटपाथवर टपरी आहे, कुठं ओलांडायला भीती वाटते. बऱ्याचदा अख्खा रस्ता वाईट नसतो, एकच जागा वाईट असते आणि आतल्या गल्लीतून ती टाळता येते. त्याच क्लासला आसपासच्या अजून तीन-चार मुली जात असणार, त्या एकत्र निघाल्या की निम्मी काळजी तशीच मिटते, आणि ज्या दिवशी मिटत नाही त्या दिवशी एक आई चालत जाऊन चौघींना घेऊन येईल, चार आया चार स्कूट्यांवर कशाला? क्लाससमोर साडेआठला जो गोंधळ होतो तो त्यामुळंच की.

ऊन मात्र खरी अडचण आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो तेव्हा दुपारी कुणाला सायकल चालवा म्हणणारा माणूस सोलापूरचा नसणार. पण ट्यूशन संध्याकाळी आहे आणि उन्हाळ्यात निम्मा वेळ सुट्टीच असते, त्यामुळं मे महिन्याकडं बघून अकरा महिन्यांचा निर्णय घेऊ नका.

आता तुमची स्कूटी. इथं मी इलेक्ट्रिकच्या बाजूनं आहे, डोळे झाकून. तुमची जुनी गाडी ४२ च्या आसपास देत असेल, किलोमीटरला ५५ ग्रॅम, रिफायनरी धरून ६५. इलेक्ट्रिक स्कूटर किलोमीटरला ३०-३५ वॅट-तास खाते, कोळशाची वीज धरली तरी २५ ग्रॅम. पैशात म्हणाल तर युनिट बारा रुपये धरलं तरी किलोमीटरला चाळीस-पंचेचाळीस पैसे, पेट्रोलला अडीच रुपये. बॅटरी बनवताना जो कार्बन निघतो तो कर्ज समजा, तीन युनिटच्या बॅटरीचं साधारण २४० किलो, किलोमीटरला ४० ग्रॅम वाचले तर सहा हजार किमीला कर्ज फिटलं. तुमच्या आठवड्याच्या शंभर किमीनं सव्वा वर्ष. ज्याची स्कूटी आठवड्यातून दोनदा मारुतीला जाण्यापुरती निघते त्याला मी म्हणेन जुनीच वापर, टायरमध्ये हवा बरोबर ठेव, सर्व्हिसिंग वेळेवर कर, कर्ज फिटायलाच पाच-सहा वर्षं जातील.

घेताना बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे का ते विचारा, उन्हाला ती जास्त टिकते, रेंज थोडी कमी मिळाली तरी तुम्हाला दिवसाला वीस किमीच लागणार आहे. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, तासभर थंड होऊ द्या.

आणि एक स्वतःचा मूर्खपणा सांगतो. मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तेव्हा वही लिहायची सवय होती म्हणून लिहीत राहिलो. आधी आठवड्याला ४६ किमी व्हायचे. गाडी घेतल्यावर तिसऱ्या महिन्यात ७१. ऑफिस तेच, घर तेच. झालं काय, पेट्रोल लागत नाही म्हटल्यावर हात सुटला. कोथिंबीर विसरली, जा परत. संध्याकाळी चहाला सैफुलपर्यंत. बायको म्हणाली पंचवीस वर्षं लोकांना फेऱ्या कमी करा म्हणून सांगत फिरला आणि आता चहा प्यायला स्कूटर काढताय होय. स्वस्त झालं की माणूस जास्त वापरतो, हे मी दुसऱ्यांच्या रिपोर्टात दहा वेळा लिहिलं होतं पण स्वतःच्या वहीत बघेपर्यंत पटलं नव्हतं. म्हणून गाडी घेतल्यावर तीन महिन्यांनी परत एक आठवडा वही लिहा.

कार घरात आली की हेच दहापट होतं. कारचा खर्च बहुतेक सगळा आधीच झालेला असतो. बघा, साडेबारा लाखाची गाडी, आठ वर्षांनी चार लाख आले धरू, वर्षाला एक लाख सहा हजार घट. व्याज सरासरी पंचेचाळीस हजार, इन्शुरन्स तीस, टायर-सर्व्हिस बारा. झाले एक लाख त्र्याण्णव हजार. महिन्याला सोळा हजार, आणि गाडी बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी असली तरी यातले बरेचसे जाणारच. मग माणूस म्हणतो हप्ता भरतोयच तर वापरू की, आणि सव्वा किमीच्या क्लासला पण कार निघते. महिन्याला सोळा हजारात सासूबाईंना दवाखान्यात न्यायला प्रत्येक वेळी दारात रिक्षा किंवा कॅब, पुण्याचं सगळ्यांचं भाडं आणि लग्नसराईत दोन दिवस ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी, हे सगळं होऊन पैसे उरतात. तुम्ही स्वतः करून बघा हा हिशोब, माझे आकडे बदलून तुमचे टाका.

पुण्याचं सोपं आहे. २५० किमी, आपल्याकडून ट्रेन भरपूर. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस आहे, १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईची वंदे भारत पुण्यावरूनच जाते, आणि लाइन आता विजेवर आहे. ट्रेनचा माणशी कार्बन या सगळ्यात कमी. एसटी लिटरला ५ किमी चालली आणि ३५ माणसं असली तर माणशी १५ ग्रॅम, पुण्यापर्यंत पावणेचार किलो. इलेक्ट्रिक कारमध्ये चौघं बसून गेलात तर माणशी ७ किलो, म्हणजे फार वाईट नाही, पण एकटं गेलं तर २८. आणि एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, तुम्ही आणि मुलगी दोघींना लागू, सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढं असतील तर त्यांना फुकट. दिराच्या घरी स्टेशनवरून कसं जायचं एवढाच प्रश्न उरतो आणि तो बहुतेक दीरच सोडवतील. विमानाचं म्हणाल तर २०२५ ला आपल्याकडून विमानं सुरू झाली, हौस म्हणून एकदा जा, पण मुंबईला रोजच्या कामासाठी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सोडून विमान धरण्यात पर्यावरणाचं काही भलं नाही, कमी अंतरात विमानाचं बरंच इंधन वर चढण्यातच जातं.

राहिली सिटी बस. इथं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. तुमच्या ऑफिसच्या रूटवर बस वेळेवर मिळत असेल तर आठवड्यातून दोन दिवस तरी जा, पण अर्धा-अर्धा तास स्टॉपवर उभं राहून जा असं मी कुणाला सांगत नाही. परिवहनच्या बस कमी, त्यामुळं भरवसा नाही, भरवसा नाही म्हणून माणसं रिक्षात पाच-सहा बसतात नाहीतर हप्त्यावर टू-व्हीलर घेतात, मग बसला माणसं नाहीत म्हणून रूट बंद. पीएम ई-बस सेवेत, म्हणजे केंद्राच्या इलेक्ट्रिक बसच्या योजनेत, सोलापूरचं नाव आहे, पण बस कुठलीही असो, एक गोष्ट लक्षात ठेवा. सहा माणसं घेऊन पळणाऱ्या डिझेल बसचा हिशोब केला तर माणशी ११० ग्रॅम येतात, एकट्यानं इलेक्ट्रिक कार चालवल्यासारखंच. हे बघून काही शहाणे म्हणतात बस पण प्रदूषणच करते. पण ती बस तुम्ही बसलात काय आणि नाही बसलात काय, पळणारच आहे. तुमच्या बसण्यानं वाढणारा धूर जवळजवळ शून्य. उलट कार तुम्ही काढली म्हणून निघते. सरासरी वेगळी आणि तुमच्यामुळं पडणारी भर वेगळी, निर्णय घेताना दुसरा आकडा बघायचा.

मिस्टर कदाचित म्हणतील की आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, म्हणजे पेट्रोल पण हिरवं झालं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ताकद असते म्हणून ॲव्हरेज थोडं उतरतं, ते एक. आणि इथेनॉल बऱ्यापैकी ऊसातून येतं. ऊस कुणाच्या पाण्यावर येतो हे सोलापूरच्या माणसाला सांगायला नको, ज्या गावात वर्षानुवर्षं नळाला चार-चार दिवसांनी पाणी आलं तिथं उजनीचं पाणी पेट्रोलच्या टाकीत जाऊन धूर होणार असेल तर त्याला हिरवं म्हणायला माझी जीभ वळत नाही. शेतकऱ्याला पैसे मिळतात ही बाजू पण आहे, मी नाकारत नाही. पण कार्बनचा एकच रकाना बघून निर्णय घेतला की पाण्याचा रकाना कुणीतरी दुसरा भरत असतो.

तर तुमच्या घरासाठी मी काय करेन ते सांगतो. मिस्टरांसाठी या महिन्यात स्टाफ बसची चौकशी, नाही जमलं तर चौघांची टोळी. टोळी जमली आणि सहा महिने टिकली तरच कारचा विषय काढा, तोपर्यंत त्यातल्याच कुणाची तरी गाडी असेल की, पेट्रोलचे पैसे वाटून घ्या. तुमच्यासाठी इलेक्ट्रिक स्कूटर, याच वर्षी. मुलीसाठी सायकल, तीन-चार मुलींचा गट जमवून. पुणे ट्रेननं.

घराच्या छतावर सोलर बसवायचा विचार असेल तर तो कारच्या आधी करा. एक किलोवॉटला आपल्या उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, तुमच्या स्कूटरला दिवसाला अर्धा-पाऊण युनिट लागणार. अपार्टमेंट असेल तर गच्ची सगळ्यांची, सोसायटीची मीटिंग लावावी लागेल आणि त्यात काय काय होतं ते मी भोगलंय, आमच्या आधीच्या बिल्डिंगमध्ये पार्किंगमधल्या एका प्लगवरून चार महिने भांडण चाललं होतं, शेवटी मी बॅटरी काढून तिसऱ्या मजल्यावर नेऊन चार्ज करायचो. म्हणून स्कूटरचा ॲडव्हान्स भरायच्या आधी सेक्रेटरींशी बोला, तुमच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत वेगळी वायर ओढून घ्या, १६ अँपिअरचा पॉइंट आणि स्वतःचा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच), आणि वायरमनला अर्थिंग मीटर लावून दाखवायला सांगा, नुसतं "आहे की ताई" म्हणाला तर ऐकू नका. एक्स्टेंशन बोर्डवर रात्रभर चार्जिंग अजिबात नको.